आधी मशीनपाशी शिकवा, सर्टिफिकेट नंतर : ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या कारखान्यांसाठी लीन प्रशिक्षण

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा. या पट्ट्यातल्या वीस ते दीडशे माणसांच्या कारखान्यांत लीनचं (म्हणजे वेळ, माल आणि मेहनत वाया न घालवता काम करायच्या पद्धतीचं) प्रशिक्षण बहुधा एकाच कारणाने सुरू होतं. मोठ्या ग्राहकाचा ऑडिटर येतो आणि ‘ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवा’ म्हणतो. मग कन्सल्टंटची शोधाशोध होते, कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लागतो, दोन दिवस वर्ग भरतो, चहा-वडापाव होतो, ग्रुप फोटो निघतो आणि हजेरीपट फायलीला लागतो. तिसऱ्या दिवशी प्रेसवर डाय (साचा) बदलायला आधी लागायचा तेवढाच वेळ लागतो.

हा लेख अशा कारखान्याच्या मालकासाठी, प्रॉडक्शन मॅनेजरसाठी आणि सुपरवायझरसाठी आहे. पुढे जे काही लिहिलंय ते एका गोष्टीवर उभं आहे : ऑपरेटर ते काम मशीनपाशी, ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वेळात, कुणी न सांगता करून दाखवतो तेव्हाच तो शिकला असं धरायचं. बेल्ट (लीन सिक्स सिग्मातले दर्जे), प्रमाणपत्रं, सरकारी योजना यांनाही किंमत आहे, पण त्यांची पाळी नंतर.

पहिली पायरी : काय शिकवायचं ते लाइनला विचारा

विषयांची यादी घेऊन सुरुवात करू नका. कारखान्यातली एकच लाइन निवडा, शक्यतो जिच्या मालासाठी ग्राहकाचे सर्वांत जास्त फोन येतात ती. तिथे जमिनीवर खडूने एक गोल काढा आणि त्यात उभे राहा. टोयोटाचे ताइची ओनो आपल्या इंजिनिअरांना असंच गोलात उभं करून नुसतं बघायला लावत. मोबाइल खिशात ठेवा, कुणाला काही सांगू नका, दिसेल ते लिहा. ओनोंनी सांगितलेले वाया जाण्याचे सात प्रकार सोबत असू द्या : गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची फुकटची हालचाल आणि सदोष माल. तासाभरात वही भरते.

मग आकडेमोड. समजा शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची मिळून २० वजा केली की उरतात ४६० मिनिटं, म्हणजे २७,६०० सेकंद. ग्राहकाला रोज ६९० नग हवेत. भागाकार केला तर दर ४० सेकंदांना एक नग बाहेर पडायला हवा. हा झाला टॅक्ट टाइम. आता स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक स्टेशन मोजा. दुसऱ्या स्टेशनवर एका नगाला ५२ सेकंद लागत असतील, तर तिथून दिवसाला ५३० च नग निघणार. बाकीचे ओव्हरटाइममध्ये निघतात आणि मालकाला वाटतं माणसं कमी पडतायत.

इथे एक प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. त्या स्टेशनवर वेगवेगळ्या माणसांना किती सेकंद लागतात? एकाला ३८ आणि बाकीच्यांना ५२ लागत असतील, तर प्रशिक्षणाची गरज आहे. त्या एकाच्या हाताला काहीतरी माहीत आहे, ते बाकीच्यांपर्यंत पोचलेलं नाही. पण सगळ्यांनाच ५२ लागत असतील, तर दोष पद्धतीत, जिगमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या साधनात) किंवा मांडणीत आहे. तिथे वर्ग घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पद्धत आधी सुधारा, शिकवायचं नंतर बघू.

लाइनवरच्या बोर्डावर तीन आकडे लिहा : रोजचं रिजेक्शन, सेटिंगला (एका नगावरून दुसऱ्यासाठी मशीन जमवायला) गेलेला वेळ आणि डिस्पॅचला झालेला उशीर. प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे पुढे याच आकड्यांवरून ठरवायचं आहे, म्हणून सुरुवातीचे आकडे खरे लिहा.

दुसरी पायरी : कौशल्याचा तक्ता

स्किल मॅट्रिक्स बहुतेकांकडे असतो, पण एचआरच्या कॉम्प्युटरमध्ये. डावीकडे नावं, वर ‘५-एस’ (जागा आवरून, मांडून, साफ ठेवायची पाच पायऱ्यांची शिस्त), ‘कायझेन’ (सततच्या छोट्या सुधारणा), ‘क्वालिटी अवेअरनेस’ असे रकाने आणि सगळीकडे हिरव्या खुणा. तो तक्ता फक्त ऑडिटरच्या कामाचा.

उपयोगी तक्त्यात वर स्टेशनं असतात : ६० टन प्रेस, टॅपिंग (आटे पाडणं), डीबरिंग (धारदार कडा काढणं), लीक टेस्ट, पॅकिंग. प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग करा. एक भाग रंगवला, तर माणूस अजून शिकतोय. दोन म्हणजे कुणी जवळ असताना करतो. तीन म्हणजे एकटा, ठरलेल्या वेळात, रिजेक्शन न काढता करतो. चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हे वर्तुळ ऑफिसात बसून रंगवायचं नाही. सुपरवायझरने मशीनपाशी काम करवून घ्यायचं, बघायचं आणि मगच रंगवायचं. ठेकेदाराच्या माणसांचीही नावं याच तक्त्यात हवीत. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकात कामावरच्या प्रशिक्षणात कंत्राटी माणसंही धरलेली आहेत, त्यामुळे ‘ते आमच्या रोलवर नाहीत’ हे उत्तर ऑडिटमध्ये चालत नाही.

तक्ता तयार झाला की त्याला आपल्या भागाची कसोटी लावा. गणपतीला कोकणातला माणूस थांबत नाही, थांबवूही नये. होळीला आणि छठपूजेला उत्तर प्रदेश-बिहारकडची निम्मी शिफ्ट गाडीत असते. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. त्या त्या आठवड्यात जाणाऱ्यांची नावं तक्त्यावर पट्टीने झाका आणि बघा, कुठल्या स्टेशनवर तीन भागवाला एकही उरत नाही. तिथून प्रशिक्षण सुरू करायचं. कुठलंही महत्त्वाचं स्टेशन असो, तिथे निदान तिघं तीन भागांचे असावेत आणि ते तिघं एकाच गावचे नसावेत.

एक सावधगिरी. पॉवर प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट यांच्यासाठी अधिकृत चालकांची यादी वेगळी ठेवा. वर्तुळ रंगलं म्हणजे प्रेस चालवायची परवानगी मिळाली, असा समज होऊ देऊ नका. दुसरं म्हणजे, तक्ता भिंतीवर लावला की पंधरा वर्षं काम केलेला माणूस एक भाग बघून दुखावतो. शेजारी ‘पुढच्या महिन्यात कोण काय शिकणार’ असा रकाना ठेवला की ती धार बरीच बोथट होते.

तिसरी पायरी : आधी सुपरवायझर तयार करा

सगळा जोर इथे लावा. छोट्या कारखान्यात सुपरवायझर हा बहुतेक वेळा काल-परवाचा उत्तम ऑपरेटर असतो. त्याला काम येतं, पण शिकवायला कुणी शिकवलेलं नसतं. नव्या पोराला तो म्हणतो, ‘याच्या बाजूला उभा राहा आणि बघ.’ पोरगं बघतं, आणि शेजारच्याच्या चुकांसकट सगळं उचलतं.

यावरचा उपाय जुना आणि फुकटचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर तयार करायची होती, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम निघाला. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटाने आपलासा केला. त्यातली काम शिकवण्याची पद्धत दोन भागांची आहे : आधी कामाची फोड कागदावर, मग चार टप्प्यांत शिकवणं.

फोड करायला तीन रकाने लागतात : मुख्य पायरी, महत्त्वाचा मुद्दा आणि कारण. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला एम-८ चे आटे पाडायचे आहेत असं धरू.

पहिली पायरी : जिगची बैठक साफ करा. मुद्दा : ब्रशने झाडा, एअर गन वापरू नका. कारण : हवेने बुरादा डोळ्यांत जातो आणि लोकेटरच्या (नग जागेवर बसवणाऱ्या टेकूच्या) फटीत जाऊन बसतो.

दुसरी : ब्रॅकेट बसवा. मुद्दा : अंगठ्याने डावीकडे दाबा, दोन्ही लोकेटरना टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे. कारण : खाली एक जरी बुरादा राहिला तरी जॉब कलतो, आटे तिरके पडतात आणि ते ग्राहकाकडे बोल्ट लावतानाच कळतं.

तिसरी : क्लॅम्प करून टॅप उतरवा. मुद्दा : दर भोकाला टॅपिंग ऑइल. कारण : ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं, आटे फाटतात.

चौथी : गेज (आटे तपासायचं माप) लावा. मुद्दा : ‘गो’ बाजू हाताने पूर्ण आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ दोन फेऱ्यांपलीकडे जाता कामा नये, पहिल्या नगाला आणि टॅप बदलल्यावर तपासणी चुकवायची नाही. कारण : टॅप झिजला की ‘गो’ अडकायला लागतं, आणि नवा टॅप वाकडा धरला गेला असेल तर आटे मोठे होतात.

एवढंच. एका कामाला एक पान, पायऱ्या सहा-सातच्या वर गेल्या तर काम दोन भागांत तोडा. ही फोड करताना सुपरवायझर आणि उत्तम ऑपरेटर यांच्यात जी वादावादी होते, ‘मी तर आधी तेल लावतो’, ‘मी नंतर’, ती होऊ द्या. एकाच कामाच्या तीन पद्धती चालू आहेत हे मालकाला बऱ्याचदा तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

आता शिकवण्याचे चार टप्पे. पहिला, माणसाची तयारी : त्याला किती येतं ते विचारा, काम कशासाठी आहे ते सांगा, आणि त्याला समोर नव्हे, आपल्या बाजूला उभं करा, नाहीतर डावं-उजवं उलटं दिसतं. दुसरा, दाखवणं : तीन वेळा. एकदा नुसत्या पायऱ्या सांगत, एकदा मुद्द्यांसकट, एकदा कारणांसकट. तिसरा, करून घेणं : आधी तो गप्प राहून करेल, चूक झाली की तिथेच थांबवायचं, मग पायऱ्या बोलत, मग मुद्दे बोलत, मग कारणं बोलत. चौथा, नजर : तासाने, शिफ्टच्या शेवटी, दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून ठेवायचं. तिसऱ्या टप्प्यात बहुतेक सुपरवायझर ‘समजलं ना?’ एवढं विचारून मोकळे होतात. ‘हो’ हे उत्तर घेऊ नका, करून दाखवायला सांगा.

भाषेचं म्हणाल तर फ्लोअरवर चालते मुंबईची हिंदी. फोडीचं पान हिंदीत, मोठ्या अक्षरात, मोबाइलवर काढलेल्या फोटोंसह करा. वाचता न येणाऱ्यांना फोटो पुरतात. इंग्रजी पीपीटी ऑफिसात राहू द्या.

चौथी पायरी : विषयांचा क्रम

लीनची हत्यारं ढीगभर आहेत आणि कन्सल्टंटला सगळीच दाखवायची असतात. ऑपरेटरला व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंगचा (मालाचा सगळा प्रवास कागदावर मांडण्याचा) वर्ग कशाला? त्याला ५-एस, ठरलेली कामाची पद्धत, वाया जाण्याचे सात प्रकार आणि चूक दिसली की लाइन थांबवायचा अधिकार, एवढं पुरे. सुपरवायझरला त्याशिवाय शिकवण्याची पद्धत, ‘पाच वेळा का’ विचारून मूळ कारण शोधणं आणि सेटिंग टाइम कमी करणं. कानबान (कार्डाच्या इशाऱ्यावर लागेल तेवढाच माल मागवणं), मॅपिंग, लाइन बॅलन्सिंग (स्टेशनांवर काम सारखं वाटणं) हे प्लॅनिंग आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं.

५-एसबद्दल फार लिहीत नाही. फक्त जुलैत तळोज्यात छप्पर गळतं, स्टोअरमधल्या पट्ट्यांना गंज चढतो, तेव्हा कळतं की साफसफाईतला ‘एस’ हा खरं तर तपासणीचा आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री पिवळे पट्टे रंगवणाऱ्यांना मी काही सांगायला जात नाही.

सेटिंग टाइम मात्र शिकवायला फार चांगला विषय, कारण निकाल आठवड्यात दिसतो. ही जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची पद्धत आहे. एक डाय बदलताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर शूटिंग करा. शेवटचा चांगला नग पडला तिथून पुढचा चांगला नग पडेपर्यंत. मग ऑपरेटर, सेटर, क्वालिटीवाला यांना एकत्र बसवून तो व्हिडिओ दाखवा. नमुन्यादाखल ५० मिनिटांचा हिशोब असा निघू शकतो : डाय रॅकमधून शोधून आणायला १४, पाना आणि क्लॅम्प शोधायला ६, डाय उतरवून नवी बसवायला आणि आवळायला १३, शिम (पातळ पट्ट्या) टाकून उंची जमवायला ९, पहिला नग क्वालिटीकडे पडून राहिला त्याची ८. यातली पहिली दोन कामं प्रेस चालू असतानाच उरकता येतात. ट्रॉलीवर डाय, पाने, क्लॅम्प, शिम आधीच आणून ठेवले की २० मिनिटं गेली, एक रुपया न घालता. उरलेल्या ३० मध्ये डायची उंची सारखी केली तर शिम जातात, आणि क्वालिटीवाल्याला दहा मिनिटं आधी हाक मारली तर वाट पाहणं जातं. हा हिशोब ऑपरेटरने स्वतः व्हिडिओ थांबवून काढला पाहिजे. तेच प्रशिक्षण.

पाचवी पायरी : वेळ

ठाणे पट्ट्यात पुष्कळ युनिटांना शुक्रवारची सुट्टी असते, आणि प्रशिक्षण त्याच दिवशी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. सुट्टीला बोलावलेला माणूस चिडून येतो, आणि कामगाराला प्रशिक्षणाला बोलावलं तर तो कामाचाच वेळ, त्याचा ओव्हरटाइम किंवा बदली सुट्टी द्यावीच लागते. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा, तोही सोडा. पावसाळ्यात लोकल खोळंबली की पहिली शिफ्ट अर्धीच भरते, म्हणून जून ते सप्टेंबर मोठे वर्ग नकोत. रोज पंधरा-वीस मिनिटं, लाइनवरच, एका माणसाला एक काम : हे दोन दिवसांच्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त मुरतं. पहिल्या दिवशी मालक हजर हवा, आणि मध्येच फोन घेऊन बाहेर न जाता.

सहावी पायरी : शिकला का, हे तपासणं

लेखी परीक्षा सुटसुटीत असते म्हणून घेतली जाते. तिने एवढंच कळतं की माणसाला लिहिता येतं. त्यापेक्षा सलग तीन दिवस टॅक्टमध्ये काम, रिजेक्शन नाही, आणि विचारल्यावर मुद्द्यांची कारणं सांगता येणं, एवढ्यावर तिसरा भाग रंगवा. महिन्याने परत बघा. त्या मधल्या काळात जुनी सवय परत आलेली असते, विशेषतः तपासणी चुकवायची. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात क्षमतेच्या कलमात प्रशिक्षणाचा परिणाम तपासायला आणि त्याचा पुरावा ठेवायला सांगितलं आहे. फोडीचं पान, तारखेसह तक्ता आणि बोर्डावरचे तीन आकडे हा पुरावा हजेरीपटापेक्षा भक्कम ठरतो.

सातवी पायरी : बेल्ट आणि प्रमाणपत्रं

यलो, ग्रीन, ब्लॅक या लीन सिक्स सिग्माच्या (लीनला आकडेवारीने दोष कमी करण्याची जोड दिलेल्या पद्धतीच्या) बेल्टवर कुणा एका सरकारी संस्थेचा शिक्का नसतो. जो तो आपापला बेल्ट देतो, म्हणून ‘शनिवार-रविवारमध्ये ब्लॅक बेल्ट’ अशा जाहिरातीही निघतात. कुणाचा बेल्ट आहे आणि त्यासाठी काय करून दाखवावं लागलं, हे बघितल्याशिवाय त्याला वजन देऊ नका.

अमेरिकेच्या एएसक्यू या संस्थेच्या यलो बेल्टला अनुभवाची अट नाही, ग्रीन बेल्टला तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, आणि ब्लॅक बेल्टला पूर्ण केलेले दोन प्रकल्प, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव. आयएएसएससी या दुसऱ्या प्रमाणपत्र संस्थेची परीक्षा ज्ञानाची आहे, तिला प्रकल्पाची सक्ती नाही. आपल्याकडे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ग्रीन आणि ब्लॅक बेल्टचे कार्यक्रम घेते. तिथलं संख्याशास्त्र कडक असतं, म्हणून गणिताला न घाबरणारा इंजिनिअर पाठवा. लीन आणि सिक्स सिग्माच्या क्षमतांसाठी आयएसओ १८४०४ हे मानक २०१५ मध्ये आलं. मोठ्या ग्राहकाने बेल्टची अट घातली तर ‘कुठल्या संस्थेचा चालेल’ हे लेखी विचारून घ्या.

पन्नास माणसांच्या कारखान्यात एक ग्रीन बेल्ट पुरतो. ब्लॅक बेल्टची गरज मला तरी अशा ठिकाणी क्वचितच दिसते. कोर्सची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : प्रकल्प आमच्याच लाइनवर करायचा का, शिकवणाऱ्याने स्वतः कारखान्यात किती काम केलंय, आणि प्रकल्प फसला तर प्रमाणपत्र मिळतं का. तिसऱ्याला ‘हो’ आलं तर पुढचा दरवाजा ठोठवा.

ऑपरेटरसाठी बेल्टपेक्षा क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामगारांच्या छोट्या गटाने आपल्याच कामातले प्रश्न सोडवण्याचा, मार्ग मला जास्त पटतो. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही १९८२ पासूनची संस्था शाखांच्या आणि देशपातळीच्या स्पर्धा भरवते. आपण सोडवलेला प्रश्न मंचावर उभं राहून सांगितलेला फिटर परत आल्यावर वेगळाच वागतो.

आठवी पायरी : पैसे आणि शेजारी

केंद्राची एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. बेसिक, इंटरमिजिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन स्तर. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना आणखी ५ टक्के. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) लागते. आधीच्या लीन योजनेत युनिटांचा गट करावा लागे. राबवणाऱ्या संस्था म्हणजे नॅशनल प्रॉडक्टिव्हिटी कौन्सिल आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया. अर्जाआधी पोर्टलवर योजनेची चालू स्थिती बघा, आणि साकीनाक्याच्या एमएसएमई कार्यालयात एक फेरी मारा. फोनपेक्षा तिथे काम लवकर होतं.

अप्रेंटिसचंही गणित मांडा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र देतं. आयटीआयचा पोरगा झाडू मारायला न लावता फोडीच्या पानावरून शिकवला, तर वर्षभरात दोन-तीन स्टेशनांवर तीन भागांपर्यंत येतो.

एकट्याला प्रशिक्षक परवडत नसेल तर गल्लीतली चार युनिटं एकत्र या. वागळेला टिस्सा (ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन), रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, तळोज्याला तळोजा मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आहे. संघटनेकडे हॉल असतो आणि ओळखीही. वर्ग हॉलमध्ये, पण सराव आळीपाळीने एकेकाच्या शॉप फ्लोअरवर ठेवा. शेजाऱ्याचा पसारा डोळ्यांना लवकर दिसतो.

नववी पायरी : शिकलेला माणूस टिकवणं

शिकवून तयार केलेला ऑपरेटर दोन हजार जास्त मिळाले की पलीकडच्या प्लॉटवर जातो, ही मालकांची नेहमीची तक्रार. त्यावर प्रशिक्षण बंद करणारेही बघितलेत. तक्त्याला पगाराशी जोडा : तीन स्टेशनांवर तीन भाग झाले की एक ठरलेली वाढ, शिकवणारा झाला की दुसरी, आणि रक्कम आधीच जाहीर. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला, की तक्त्यात दोन किंवा जास्त भाग झालेला माणूस पंधरा दिवसांच्या सूचनेशिवाय दुसऱ्या साइटवर हलवायचा नाही. आणि त्या माणसाची वाढ ठेकेदाराच्या हातात अडकणार नाही, पूर्ण त्याच्या खात्यात जाईल, हे महिन्याच्या वेतनचिठ्ठीवर तपासा.